तुले ट्युशन नाई लागत

गणितवाल्या काकू डोळे मिटून गणित ऐकायच्या. मुलाने वही उघडून एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि काकू भिंतीला पाठ टेकून, निवडलेल्या तांदळाचं सूप मांडीवर तसंच ठेवून, डोळे मिटून असायच्या. नवीन मुलांना वाटायचं, बाईंना झोप लागली. मग एखादं मूल पायरी गाळायचं, की बंद डोळ्यांनीच काकू म्हणायच्या, "थांब. मागं जा. तिकडं नेताना चिन्ह बदललं काय?" चिन्ह बदललेलं नसायचंच. मूल चपापून बघत राही. "झोपली नाई मी. डोये थकले फक्त," काकू सांगायच्या, आणि ते अगदी खरं होतं.

वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी, बाजारओळीत त्यांच्या सासरचं किराणा दुकान होतं. काकू माहेरच्या नागपूरच्या, गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या. लग्नानंतर शाळेत नोकरी करते म्हणाल्या, तर सासऱ्यांनी साफ नकार दिला. व्यापाऱ्याच्या घरच्या सुनेने दुसऱ्याच्या हाताखाली कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. घरात शिकवायला मात्र हरकत नव्हती. मग दुकानामागच्या कोठीत, गुरांना घालायच्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यांना लागून सतरंजी पडली आणि दहावीची ट्युशन सुरू झाली. काकूंकडे जाणाऱ्या मुलांच्या वह्या शाळेत लगेच ओळखू यायच्या, त्यांना ढेपेचा वास असायचा. पहाटे उठून दहा माणसांचा स्वयंपाक, दुपारी नवरा, म्हणजे आमचे काका, जेवायला बसले की दुकान, आणि साडेचारला मुलं. या तिन्हींच्या मध्ये काकूंनी कधी पाठ टेकली असेल, तर ती त्या कोठीतल्या भिंतीलाच.

त्यांची एक रीत गावात सगळ्यांना माहीत होती. नवीन मुलाला त्या आठ दिवस येऊ द्यायच्या. नवव्या दिवशी काहींना म्हणायच्या, "येत जाय." आणि काहींना, "तुले ट्युशन नाई लागत. वर्गात कान देऊन ऐक अन् घरी कर." हे ऐकून मुलं खूश व्हायची आणि आईबाप नाराज. एका अडत्याची बायको तर तणतणत दुकानात आली होती. "साऱ्याईचे पोट्टे घेता, माह्याच पोराले काऊन नाई घेत? पैसे कमी पडून राह्यले काय?"

काकू तिला साखर तोलून देत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्याले येते सगळं. येते तेच पुन्हा पुन्हा शिकवून त्याले बावळट करू काय?"

मीसुद्धा अशीच परत आले. नववीची परीक्षा झाली होती. माझे वडील शेती करायचे आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे. साऱ्या मुली जातात म्हणून आईने हट्टाने मला काकूंकडे पाठवलं. नवव्या दिवशी काकू म्हणाल्या, "तू घरी जाय माय. तुले ट्युशन नाई लागत." वडिलांना बरं वाटलं. आईचा चेहरा उतरला. आणि मी? मी ते वाक्य वर्षभर मिरवलं. मधल्या सुट्टीत, विहिरीवर, मामाच्या गावी, कुठेही विषय निघाला की मी सांगायची, मला काकूंनीच नको म्हटलंय.

त्या वर्षी दिवाळीनंतर आमचे गणिताचे सर बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. भूमिती अर्धी राहिली. ट्युशनच्या मुली काकूंकडे पुढे सरकल्या, मी होते तिथेच थांबले. पुस्तक उघडायची, प्रमेय वाचायची, कळायचं नाही. काकूंचं दुकान शाळेच्या वाटेवरच होतं. रोज दोनदा मी त्यांच्यासमोरून जायची. "काकू, अडलंय," एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. ज्या मुलीला ट्युशन लागत नाही, तिने कसं म्हणायचं?

जूनमध्ये निकाल लागला. मी गणितात नापास झाले, बाकी सगळ्यांत पास.

घरात कोणी रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. चार दिवसांनी वडिलांचे थोरले भाऊ जाम गावचं स्थळ घेऊन आले. मुलाचं हायवेवर टायरचं दुकान होतं, घर पक्कं होतं आणि नापास मुलगी त्यांना चालणार होती. रविवारी पाहुणे यायचं ठरलं. आई माझ्यासाठी साडी शोधू लागली. मी सोळा वर्षांची होते.

शुक्रवारी भर दुपारी काकू आमच्या अंगणात उभ्या होत्या. त्यांना दुकान आणि घर सोडून मी कधी कुठे पाहिलं नव्हतं. रेल्वेचं फाटक ओलांडून, डोक्यावर पदर घेऊन त्या चालत आल्या होत्या. आईने पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"भाऊ, पोरगी माह्यामुळं नापास झाली," त्या वडिलांना म्हणाल्या.

वडील खाटेवर होते. "तुमीच म्हणाल्या होत्या वहिनी, तिले लागत नाई म्हणून."

"म्हटलं होतं. चुकली मी."

"आता चुकली म्हणून काय होते? परवा जामचे पाहुणे येऊन राह्यले."

"ऑक्टोबरची परीक्षा हाय. तवरोक पाहुणे थांबवा. तिले माह्याकडं पाठवा."

"अन् तवाही नाई झाली पास तर?"

"तर मंग तुमी म्हणान तसं. मी पुन्हा आडवी येणार नाई."

शेवटी वडील उठले, चपला घातल्या आणि थोरल्या भावाकडे निरोप द्यायला गेले. मी दाराआड उभी होते. मी बाहेर येऊन सांगायला हवं होतं, की काकू चुकल्या नाहीत, मला अडत होतं आणि मीच विचारलं नाही. मी दाराआडून हलले नाही. काकू हातातलं पाणी पिऊन आल्या वाटेने परत गेल्या.

पुढचे चार महिने मी रोज त्या कोठीत गेले. खरं सांगायचं तर काकूंनी मला फार काही शिकवलं नाही. भूमितीची राहिलेली प्रकरणं पंधरा दिवसांत संपली. त्यानंतर मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. मी अडले की त्या सांगायच्या नाहीत, वाट बघायच्या. समोरून ग्राहक हाक मारायचा, काका हाक मारायचे, त्या म्हणायच्या, "येते," आणि माझी पायरी पुरी होईपर्यंत उठायच्या नाहीत. त्याआधी माझ्यासाठी कोणी कोणाला थांबवलेलं मला आठवत नाही.

मी पास झाले. जामचा मुलगा तोवर दुसरीकडे ठरला होता. पुढच्या जूनपासून मी पॅसेंजरने वर्ध्याच्या कॉलेजात जाऊ लागले.

पण काकू बदलल्या. त्यांनी कोणाला परत पाठवणं सोडून दिलं. आठ दिवसांची रीत बंद झाली. जो येईल त्याला "बस" म्हणू लागल्या. बारा मुलांच्या जागी चाळीस झाली, साडेचारच्या तुकडीला सकाळची जोडली गेली, मग आणखी एक. कोठीतली पोती बाहेर पडवीत गेली. काकांना आनंद होता. कॉलेजातून येता-जाता मी दुकानाशी थांबायची, तर काकू दर वर्षी थोड्या अधिक वाळलेल्या दिसायच्या. पायांना सूज असायची. एकदा मी म्हटलं, "काकू, एवढी मुलं कशाला घेता?"

त्या म्हणाल्या, "यातल्या पंधरा-वीस लेकराईले माही काईच गरज नाई. पण ते कोणते, हे आता सांगाची हिंमत होत नाई मले."

मला खरं सांगायची पुन्हा संधी होती. पॅसेंजर चुकेल म्हणून मी न सांगताच निघून आले.

मग दोन हजार सालानंतर वर्ध्यात मोठमोठे क्लास निघाले. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. सिंदीची मुलंही सकाळच्या गाडीने क्लासला जाऊ लागली, आणि काकूंची कोठी दोन-तीन वर्षांत रिकामी झाली. लोकांना वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांना बहुधा बरंच वाटलं असावं. पण तोवर अंगातलं सगळं संपत आलं होतं. आधी रक्तदाब वाढला, मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

मी तोवर वर्ध्याच्या एका शाळेत शिक्षिका होते आणि गावाला लागून पिपरी मेघेत राहत होते. मुलगी आठवीत गेली आणि शेजारपाजारचे विचारू लागले, क्लास कुठला लावला? आठवीपासूनच लावावा लागतो म्हणे. नवरा म्हणाला लावू. मला शाळेतली मुलं दिसत होती, तीन तीन ठिकाणी शिकून वर्गात माना टाकणारी. माझं ठरेना. एका रविवारी मी सिंदीला गेले.

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. बोलणं थोडं जड झालं होतं, पण कळत होतं. मी मुलीचं सांगितलं आणि विचारलं, "काकू, लावू का क्लास?"

"मले नोको विचारू. तुह्या वेळी सांगितलं होतं न मी," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी बोलले. जवळजवळ वीस वर्षांनी. दिवाळीनंतर अडत होतं, रोज दुकानासमोरून जात होते, विचारायची लाज वाटली, तुमची चूक नव्हतीच. बोलताना मला रडू आलं. त्यांना आलं नाही.

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "रोज दिसत होती तू जाताना. मान खाली घालून जाये. मले वाटे, पोरगी इचारीन एखाद दिवशी. तू सोळा वर्साची होती माय. बोलावून इचाराचं काम माहं होतं."

सून चहा ठेवून गेली. काकूंनी डाव्या हाताने कप धरला. मग त्यांनीच विचारलं, "पोरीजवळ तू बसतं काय रोज?"

"शाळेतून यायला सहा वाजतात काकू. मग स्वयंपाक. फार थकून जाते."

"अन् तिचा बाप?"

"तो आठला येतो."

काकूंनी मान हलवली. त्यात दोष देणं नव्हतं. थकलेल्या बाईला त्यांच्यापेक्षा चांगलं कोण ओळखणार? "मंग लाव क्लास," त्या म्हणाल्या. "कोणीतरी पायजे लेकराजवळ. पैसे देऊन भेटलं तरी चालते."

निघताना मी पाया पडले. त्या म्हणाल्या, "येजो." त्या उन्हाळ्यात काकू गेल्या. मला दोन दिवसांनी कळलं.

मी क्लास लावला. तो चांगला आहे की वाईट, मला अजून सांगता येत नाही. तिथे साठ मुलं असतात आणि सर माइकवर बोलतात. मुलगी घरी येते, वही काढते. मी गॅस बारीक करते आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसते. कधी वीस मिनिटं, कधी दहाच. पहिल्या दिवशी तिने वहीतून डोकं वर काढून विचारलं, "आई, काही काम आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "तू वाच."