फलाटबाईंचा प्रश्न

बस स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेच्या एका खोलीत बसून फलाटबाई सगळ्या शहराला गाडीत बसवायच्या. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येणार, कुणाचं लेकरू चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं लोकांना त्यांच्याच तोंडून कळायचं. आवाज असा खणखणीत आणि तरी गोड, की गाडी चुकली तरी माणूस फारसा चिडायचा नाही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, शहराने ठेवलेलं मात्र सगळ्यांना पाठ होतं. त्यांचे यजमान त्याच स्थानकावर बस चालवायचे. लग्नाआधी म्हणे ते मुद्दाम गाडी उशिरा आणायचे, कारण उशिरा येणाऱ्या गाडीचा पुकारा बाई दोनदा करायच्या.

पुढे बाईंच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. अगदी सगळाच गेला असं नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तशी कुजबूज उरली. "जीवावरचं आवाजावर निभावलं म्हणायचं," डॉक्टर म्हणाले. बाईंना काही ते पटलं नाही. नोकरी सुटली, आणि तिच्यामागोमाग घराबाहेर पडणंही सुटलं. दुकानात गेलं की वाणी कानामागे हात धरून पुढे वाकायचा, मागची माणसं कीव करायची. त्यापेक्षा घर बरं, असं म्हणून बाई खिडकीपाशी बसून राहायला लागल्या.

त्यांची नणंद त्यांच्याकडेच राहायची. इस्पितळात परिचारिका म्हणून उभा जन्म गेलेला, त्यामुळे रडणाऱ्या माणसाला उठवून बसवायची तिला सवयच होती. ती एक दिवस म्हणाली, "वहिनी, तोंड बंद झालं ते झालं. डोक्यालाही कुलूप लावणार आहेस का?"

आणि तिने बाईंना संगणकासमोर नेऊन बसवलं.

बाईंनी ब्लॉग सुरू केला तो गाड्यांचाच. कुठली गाडी बंद झाली, कुठली नवी सुटते, एवढंच. पण गाडी का बंद झाली हे लिहायला गेलं की नगरपालिका मध्ये येते, पालिकेबद्दल लिहायला गेलं की आमदार मध्ये येतात. बघता बघता बाई विधिमंडळात कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, कुणी निवडणुकीत काय कबूल केलं होतं, असं सगळं लिहायला लागल्या. लिहिणं त्यांच्या पुकाऱ्यासारखंच होतं. छोटी वाक्यं, सगळ्यांना कळतील अशी. लोक सकाळी चहाबरोबर ते वाचायचे. चौकातल्या चपलेच्या दुकानदाराने आपली जाहिरात त्यांच्या पानावर दिली, काही वाचकही जमेल तसे थोडे पैसे पाठवायचे. त्यात इंटरनेटचा खर्च सुटायचा, आणि बाईंना वाटायचं, आपण पुन्हा कामाला लागलो.

अशात ते विधेयक आलं.

झालं होतं असं, की मागच्या निवडणुकीत काही ब्लॉगवाल्यांनी पैसे घेऊन खोटीनाटी चिखलफेक केली होती. लोक खरंच चिडले होते. त्या रागाचं निमित्त साधून इथल्या ज्येष्ठ आमदारांनी विधेयक मांडलं. राजकारणाबद्दल लिहून ज्याला कुठूनही मोबदला मिळतो, त्याने सरकारदरबारी नाव नोंदवावं, दर महिन्याला हिशेब द्यावा, नाहीतर दंड भरावा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फलाटबाईंनी मान डोलावली. बरंच झालं, भाडोत्री लेखण्यांना चाप बसेल. पुन्हा वाचलं, आणि मान डोलायची थांबली.

"का गं?" नणंदेने विचारलं.

बाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. "लिहिणाऱ्याची नोंद आहे. लिहून घेणाऱ्याची कुठेच नाही."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" नणंद कडाडली. "आणि चपलेच्या जाहिरातीपायी तूही त्या यादीत?"

यजमान म्हणाले, "हे बघ, उगाच त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. नोंदवून टाक नाव, काय बिघडतं?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते चहाचा कप घेऊन आत गेले.

ज्येष्ठ आमदार आणि विधेयकावर त्यांच्याबरोबर सही करणाऱ्या तरुण आमदारबाई रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार होते. बाईंनी आपला प्रश्न कागदावर लिहिला. तो वाचायचं काम नणंदेकडे. कितीतरी दिवसांनी बाई माणसांच्या गर्दीत निघाल्या होत्या. वाचनालयाच्या पायरीपाशी त्यांचे पाय अडखळले, तेव्हा नणंदेने मागून हलकेच ढकललं.

सभागृह भरलं होतं. मध्ये माइक, त्याच्यामागे प्रश्न विचारणाऱ्यांची रांग. ज्येष्ठ आमदारांनी सुरुवातीलाच नियम सांगितला, "एका माणसाला एकच प्रश्न. उलट प्रश्न नाही. वेळ सगळ्यांना मिळाला पाहिजे ना!"

ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण चार लोक विचारून गेले तशी त्यातली मेख लोकांच्या ध्यानात यायला लागली. चपलेच्या दुकानदाराने विचारलं, "मी जाहिरात देतो ती चपला खपाव्यात म्हणून. तेवढ्याने ते लिहिणारं माणूस विकलं गेलं का हो?"

"फार चांगला मुद्दा काढलात," आमदार हसून म्हणाले. "समिती त्याचा विचार करेल. पुढचे?"

दुकानदाराने पुन्हा तोंड उघडलं, पण त्याचा प्रश्न संपला होता. त्याच्यानंतरच्या मास्तरांचीही तीच गत. प्रत्येकाच्या तोंडाला पानं पुसून आमदारसाहेब पुढच्याला बोलवत होते, आणि माणसं खुर्चीवर जाऊन धुसफुसत होती.

फलाटबाईंची पाळी आली. नणंदेने कागद उघडला तोच आमदार म्हणाले, "प्रश्न यांचा की तुमचा?"

"यांचा. यांना बोलता येत नाही नीट."

"मग माफ करा. ज्याचा प्रश्न त्यानेच विचारायचा. उद्या कुणीही कुणाच्याही नावावर बोलेल."

सभागृहात कुजबूज झाली. नणंद तावातावाने काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी तिचा दंड धरला. स्वतः माइकपाशी गेल्या. जिथे तिथे ज्यांचा आवाज ऐकू यायचा, त्या बाईंनी तोंड उघडलं, आणि माइकमधून बाहेर पडला नुसता फसफसाट. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फसफसाट, आणि वर एक कर्कश शिट्टी. मागे कुणीतरी हसलं.

"काही समजत नाहीये," आमदार म्हणाले. "बसा तुम्ही. पुढचे कोण?"

पुढची होती एक शिवणकाम करणारी बाई. फलाटबाईंची आणि तिची ओळखदेख नव्हती. ती पुढे आली, पण माइकसमोर न जाता फलाटबाईंच्या तोंडाशी कान नेऊन उभी राहिली. मग वळून म्हणाली, "माझी पाळी आहे ना? मग माझा प्रश्न ऐका. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने नाव नोंदवायचं. मग पैसे देऊन लिहून घेणाऱ्याने कुठे नोंदवायचं?"

"हे विधेयक ब्लॉगलेखकांबद्दल आहे," आमदार म्हणाले. "देणाऱ्यांचा विषय वेगळा. पुढचे?"

त्यांना वाटलं, सुटलो. पण पुढे आला एक वीजतंत्री. स्वतःचा प्रश्न त्याने हातावर लिहून आणला होता. त्याने तो हात खिशात घातला, फलाटबाईंकडे वाकला, ऐकलं आणि सरळ उभा राहिला. "तो वेगळा विषय तुम्ही कुठल्या विधेयकात मांडलाय?"

"अजून... मांडलेला नाही."

"पुढचे!" हे मात्र आमदार नाही, मागून सगळं सभागृहच ओरडलं.

आता रांगेतल्या लोकांना युक्ती कळली होती. एकाला एकच प्रश्न, ठीक आहे. पण माणसं तर भरपूर आहेत! जो तो आपला प्रश्न गिळून फलाटबाईंच्या तोंडाशी कान लावायला लागला. बसलेले उठून रांगेत येऊन उभे राहिले. मघाशी हसलेला माणूसही मान खाली घालून आला. बाई प्रत्येकाच्या कानात एक वाक्य सांगायच्या, तो ते मोठ्याने म्हणायचा, आमदारांनी दिलेलं उत्तर ऐकून बाई पुढच्याच्या कानात पुढचं वाक्य सांगायच्या. उद्घोषणेच्या खोलीत बसल्यासारख्या त्या ताठ उभ्या होत्या.

एक आजोबा काठी टेकत आले. "मागच्या निवडणुकीत तुमच्या बाजूने लिहिणाऱ्यांना तुमच्या कचेरीतून काही दिलं गेलं का?"

आमदारांनी पाण्याचा पेला उचलला. "तो प्रचाराचा खर्च होता. त्यात बेकायदा काही नाही."

आजोबांच्या मागच्या कॉलेजच्या मुलीने ऐकलं आणि जवळजवळ उडीच मारली. "मग तुम्ही दिलेलं बेकायदा नाही, आणि यांनी घेतलेली चपलेची जाहिरात तेवढी संशयाची?"

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आमदार हात वर करून "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत होते, पण ते आता कुणाला ऐकूच जात नव्हतं. नणंद खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. इस्पितळात कुणाला शिंकूही न देणारी बाई ती!

तेव्हा तरुण आमदारबाईंनी माइक ओढून घेतला. इतका वेळ त्या समोरचे कागद पुन्हा पुन्हा उलटत होत्या.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "या विधेयकावर माझी सही आहे. खोट्या लिखाणाला आळा बसेल एवढंच मी बघितलं. देणारे हात मी बघितलेच नाहीत. चूक माझी आहे. मी माझी सही मागे घेते."

"अहो, हे असं इथे..." ज्येष्ठ आमदार पुटपुटले.

"इथेच," त्या म्हणाल्या. "विचारलंही इथेच ना?"

मग ज्येष्ठ आमदारही उठले. इतक्या वर्षांत वारा कुठून वाहतो हे त्यांना चांगलं कळायचं. विधेयक आपण परत घेऊ आणि देणाऱ्यांचा विषय धरून नव्याने लिहू, असं त्यांनी जाहीर केलं. ते मनापासून म्हणाले की नाइलाजाने, याची फलाटबाईंना पर्वा नव्हती. शब्द सगळ्यांसमोर दिला होता, आणि सभागृहातले निम्मे लोक तो फोनवर टिपत होते.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी त्यांना गराडा घातला. शिवणकामवालीने हात हातात घेतला. वीजतंत्री म्हणाला, "बाई, माझा प्रश्न राहिलाच, पुढच्या सभेला तुम्ही माझा विचारा." सगळे हसले. बाई काहीतरी बोलल्या आणि आश्चर्य म्हणजे भोवतीचे सगळे आपसूक गप्प झाले, कुणी कानामागे हात धरला नाही, कुणी कीव केली नाही. "आज घरी जेवायला कुणी काही केलेलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण ते शेवटच्या पायरीपर्यंत पोचलं.

विधेयक खरोखर परत घेतलं गेलं. हिवाळ्याच्या अधिवेशनात नवं आलं. राजकीय लिखाणासाठी जो पैसे देईल त्याने ते जाहीर करायचं, आणि लिहिणाऱ्याने मोकळेपणाने लिहायचं. ज्येष्ठ आमदारांनी त्यावर लांबलचक भाषण ठोकलं, जणू कल्पना त्यांचीच. मंजूर झालं त्या दिवशी यजमानांनी सगळ्या आळीला चहा पाजला आणि दर कपामागे सांगितलं, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, लढायला पाहिजे!" नणंदेने हसू लपवायला तोंडावर पदर धरला.

आणि तरुण आमदारबाई? शहरात त्यांचा मोठा गवगवा झाला. फलाटबाईंनीही त्यांच्या धैर्याबद्दल भरभरून लिहिलं. पण पुढच्याच आठवड्यात, नदीवरच्या पुलाचं काम त्यांनी कबूल करूनही रखडलं आहे, असाही एक लेख आला. छोटी वाक्यं, सगळ्यांना कळतील अशी.

सकाळी फोन वाजला. यजमानांनी उचलला.

"अहो, मी त्यांच्या बाजूने उभी राहिले होते!" आमदारबाई काकुळतीने म्हणाल्या. "त्यांना जरा फोन देता का?"

यजमानांनी आत डोकावून पाहिलं. बाई संगणकासमोर होत्या, चष्मा नाकावर, बोटं जोरात चाललेली.

"आत्ता नाही जमायचं," ते म्हणाले. "पुलाचाच दुसरा भाग लिहितायत. तुम्ही असं करा, तोवर काम सुरू करून टाका."