जोत्याखालचा दर

कराडात चुन्याची घाणी चालवणाऱ्या एक चाची आहेत. आधी त्यांचं सांगतो, माझं मागाहून. त्या नसत्या तर माझं पहिलं काम हेच शेवटचं ठरलं असतं आणि मी खाली मान घालून कुंभार्ली घाट उतरून गेलो असतो.

माझं गाव कोकणात, समुद्राच्या अंगाला. मराठी चौथीत शाळा सुटली आणि मी घाट चढून कराडला आलो. एका कंत्राटदाराच्या हाताखाली आधी गारा कालवला, मग कित्येक वर्षं थापी धरली. लढाई सुरू झाली तसं सिमेंट परवान्याशिवाय मिळेना. सगळी बांधकामं चुन्यात व्हायला लागली आणि चाचींच्या घाणीचा बैल दिवसभर फिरायला लागला. चुना आणायला मी नेहमी तिथं. "कोकण्या, जेवलास का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चुन्याचं बोलणं त्यानंतर.

कृष्णाकाठच्या एका गावात पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार होते. उसाच्या रानाला लागून त्यांना घर बांधायचं होतं. आमच्या कंत्राटदाराला सवड नव्हती. "तूच घे, कवातरी सुरू करशीलच की," असं म्हणून त्यांनी मला पुढं केलं. मी घरी कळवूनसुद्धा टाकलं की आता मी स्वतःची कामं घेतो.

दर लावताना मी दोरी टाकून भिंती मोजल्या. दगड, चुना, लाकूड, गवंड्यांची मजुरी, सगळं धरलं. पाया धरला दोन हात. आमच्याकडं दोन हात खणलं की पहार जांभ्यावर वाजते आणि मग त्यावर देऊळ बांधा, हलायचं नाही. कराडात मी कायम वरच्या बांधकामाला असायचो. मी जायचो तोवर पाया खणून, भरून तयार असायचा. तो किती खोल गेलाय हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सगळ्या कामाची मिळून एकच ठरीव रक्कम सांगितली तेव्हा सुभेदार माझ्याकडं बघतच राहिले.

"उक्तं? पायासकट?"

"पायासकट," मी म्हणालो.

"पायासकट म्हंतोस न्हवं? बग हां."

"हो, सगळं त्यातच."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग शबुद झाला." त्यांनी उचल दिली आणि मी ती दोन्ही हातांनी घेतली.

खोदाईला वडार लावले. त्यांचा हिशोब मापावर, जितकं खणतील तितके पैसे, दर बाजाराच्या दिवशी. गुडघाभर गेलं, काळी माती. कंबरभर गेलं, काळी माती. खालचा कठीण मुरूम लागतो का म्हणून मी रोज सकाळी काठावर उकिडवा बसून पहारीचा आवाज ऐकत असे. वाजेल, आता वाजेल. पहार लोण्यात जावी तशी जायची.

वडारांचा म्होरक्या खालून ओरडायचा, "मालक, मुरूम गावाला गेलाय जनू!" बाकीचे हसायचे. त्यांचं काय, जितकं खोल तितकी त्यांची कमाई. वरून सुभेदार काठी टेकत यायचे, आत डोकावायचे आणि परत जायचे.

खणणाऱ्यांची नुसती मुंडाशी दिसायला लागली तेव्हा उचलीतलं बरंचसं त्या खड्ड्यात गेलं होतं. दगडाचा पहिला गाडाही अजून आला नव्हता. काम सोडावं तर उचल कुठून परत करणार? आणि शब्द मोडलेल्या माणसाला पुन्हा काम कोण देणार? मग मनात आलं, आता थांबवावं आणि इथंच दगड मांडून वर यावं. वरून माती लोटली की कुणाला काय दिसणार? घर एक-दोन पावसाळे तरी उभं राहीलच. हे मनात आलं आणि मी काठावरून उठलो.

तसाच कराडला गेलो. चुना सांगून ठेवला होता, तो एवढ्यात नको म्हणायचं होतं. घाणीच्या आवाराची एक भिंत बोळाकडं कललेली, तिला बाभळीचं लाकूड टेकू दिलेलं. त्या टेकूशीच बसलो. चाचींनी बैल थांबवला.

"त्वांड का असं? जेवला न्हाईस?"

मी सगळं सांगितलं, मातीवर दगड मांडायचं मनात आलं तेसुद्धा. वाटलं, रागावतील. त्या खो खो हसायला लागल्या.

"खालचं बी उक्तं घेतलंस? आरं येड्या, जमिनीच्या पोटात काय हाय ते अल्लाला ठावं! इकडं जोत्याखालचं मापानं आन् जोत्यावरचं उक्तं. आमच्या काळ्या रानात पायाचा दर कुनी बोलतच न्हाई."

"मला कुणी सांगितलं नाही, चाची."

"तू इचारलंस कुनाला?" मग हसू थांबलं. "ही भित बगितलीस? आमच्या मालकांनी घाईत मातीवरच उभी केली. दर पावसाळ्यात येक बोट पुढं सरकती. सुभेदाराचं घर असं टेकू लावून उभं करनार व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या चुन्याच्या रिकाम्या गाडीवर बसून स्वतः आल्या. वाटेत म्हणाल्या, "तुज्यासाटी न्हाई हां. माजा चुना बुडंल म्हनून आले."

सुभेदार खड्ड्याशीच उभे होते. चाचींनी रामराम घातला आणि सरळ विषयाला हात घातला.

"चाची, तुमी मधी पडू नगा," सुभेदार म्हणाले. "त्यानं शबुद दिलाय."

"दिलाय की. न्हाई कोन म्हंतंय? पर आवं सुभेदार, तुमी पायाचं त्याला दोनदा इचारलं म्हनं. दोनदा का इचारलं?"

सुभेदारांची काठी जागच्या जागी थांबली. वडारांनी खाली पहारी थांबवल्या. आता हे मला हाकलणार आणि उचल मागणार, एवढंच डोक्यात.

"हितं पाया किती खोल जातो त्ये तुमाला ठावं व्हतं," चाची हळूच म्हणाल्या. "परमुलखाचं पोरगं हाय. मातीवर दगूड मांडून मोकळं झालं असतं, तर तुमाला कवा कळलं असतं? भित फाटल्यावर. त्ये मांडलं न्हाई, माज्याकडं आलं."

सुभेदार काठावर वाकले आणि खाली बघत राहिले.

"जोत्यापातूर मापानं," शेवटी ते म्हणाले. "पर वरच्या कामात येक पै वाढवून मागायची न्हाई. आन् मुरूम लागल्याबिगर दगूड ठिवायचा न्हाई. मी सोता उतरून बगनार."

त्यांनी खरंच उतरून बघितलं. पहार वाजली तो आवाज मला अजून ऐकू येतो. वरच्या कामातही माझा दर कमीच पडला होता, तेव्हा एक गवंडी कमी करून थापी मीच धरली. घडीव दगड दर्शनी बाजूलाच लावले, आतून साधे. घरी मनिऑर्डर गेली ती लहानशीच. पण घर उभं राहिलं आणि मीही घाटावर राहिलो. आता दर सांगायच्या आधी जागेच्या कोपऱ्यात एक खड्डा पदरच्या पैशानं खणून बघतो, आणि जोत्याखालचं बोलणं वेगळं करतो.

चाचींना परवा म्हणालो, तुमची भिंत पाडून नवी बांधून देतो, मजुरी नको. त्यांनी टेकूवर थाप मारली. "शिकाऊ हात माज्या भितीला नगं. आनखी धा घरं बांद, मग ये."

त्यांच्या लेखी मी अजून शिकाऊच आहे, आणि ते खोटं नाही. पण ती भिंत मी बांधणार. मुरूम लागेपर्यंत खणणार, चुना त्यांच्याच घाणीचा वापरणार, आणि बाभळीचं ते लाकूड माझ्या हातानं काढून त्यांच्या चुलीला देणार.