पोट लिही, त्यात सगळं आलं

सायकल रॅली काढायची ठरवली तेव्हा मला वाटलं, पंक्चरचे, चेन पडल्याचे, ट्रॅफिक पोलिसांचे किस्से जमतील. छे! सायकली शहाण्यासारख्या वागल्या. जमले ते सगळे आमच्या चेन्नईच्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांचे. एक सांगून संपवावा, तर समोरची मैत्रीण म्हणते, "हे काहीच नाही," आणि स्वतःचे दोन सांगते.

रॅली कशासाठी होती, ते आधी सांगते. मी अण्णा नगरला आत्याकडे राहते. आत्याचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं. सगळे म्हणाले, गॅस आहे. तिने आठ महिने ओवा खाल्ला. मग निघाला अंडाशयाचा कॅन्सर, तोही पसरलेला. तिची केमो चालू असताना मी ठरवलं, मंडळातल्या एका तरी बाईला हे वेळेवर कळलं पाहिजे. एवढंच.

*

एवढंच म्हणजे किती, ते पहिल्याच मीटिंगमध्ये कळलं. मोटार कंपनीतून रिटायर झालेले नाना मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी माझ्या बॅनरचा कागद वाचला आणि पालथा घातला.

"अंडाशय? मंडळाच्या बॅनरवर? तेही हळदीकुंकवाच्या महिन्यात?"

"नाना, आजाराचं नाव आहे ते."

"असू दे. तू 'पोटाचे आरोग्य' लिही."

"अहो, पण हा पोटाचा कॅन्सर नाही!"

"अंडाशय पोटातच असतं ना? मग पोट लिही, त्यात सगळं आलं!"

मतदान झालं. पोट जिंकलं.

*

रॅलीच्या सकाळी पार्कमध्ये आम्ही एक स्त्रीरोगतज्ज्ञ बोलावल्या होत्या. तमिळ बाई, शांत स्वभावाच्या. वर बॅनर, 'पोटाचे आरोग्य, मोफत सल्ला'. पहिल्या तासात अकरा जण आले. अकराही पुरुष!

एकाला मिसळीने जळजळ होत होती. एक जण जुना एक्स-रे घेऊन आले होते. तिसऱ्यांनी तर टेबलावरच आडवं होऊन शर्ट वर केला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, "तुमच्या समाजात बायका नसतात का?"

*

रॅली सहाला निघणार होती. नारळ, दीप, दोन भाषणं, असं करत सव्वासातला निघाली. ऊन चढलेलं. सगळ्यात पुढे नाना, एसी गाडीत, काचा वर.

मी पॅडल मारत काच ठोठावली. "नाना, सायकल रॅलीचे अध्यक्ष सायकलवर असतात!"

त्यांनी काच दोन बोटं खाली केली. "अध्यक्षाने पुढे असायला हवं. सायकलवर मी मागे पडेन!"

काच वर.

*

एक माणूस मात्र कामाचं निघालं. सरसा टीचर. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. लक्षणांचं पत्रक त्यांनी एका बैठकीत तमिळमध्ये करून दिलं, अंडाशयासकट. नाना त्यांना म्हणाले, "टीचर, तुमचं मराठी जरा जुनं आहे हं. कुठे काय बोलावं..."

"माझी मराठी जुनी असेल, सार," टीचर म्हणाल्या, "पण मला सगळे शब्द बोलायला येतात!"

वाटेत प्रत्येक फुलवालीजवळ त्या थांबल्या, पत्रक वाचून दाखवलं. म्हणजे अण्णा नगरच्या फुलवाल्यांना सगळं कळलं. मंडळाच्या बायका मात्र 'पोटाचे आरोग्य' लिहिलेल्या टोप्या घालून पुढे निघून गेल्या!

*

चहाच्या थांब्यावर आत्या आली होती, डोक्याला रुमाल बांधून. तिला बघून बायकांनी घोळका केला.

"अय्या, कधी आलात सांगलीहून?"

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मग कळलं, नानांच्या बायकोने, आमच्या सुलभाकाकूंनी, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ती सहा महिने सांगलीला गेली आहे. का, तर "उगाच चर्चा नको."

"मग? सांगलीला पाऊसपाणी कसं?" एकीने विचारलं.

"मला काय माहीत!" आत्या म्हणाली. "मी इथेच होते, हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर. खिडकीतून तुमची गच्ची दिसायची. तुमच्या पापडांवर रोज कावळे बसतात, बघा जरा."

*

रॅलीनंतर महिन्याभराने, फेब्रुवारीत, अंबत्तूरच्या ऑफिसात असताना मोबाइल वाजला. नाना. मी मनात म्हटलं, आता टोप्यांचं काहीतरी असेल.

"तुमची रॅली सव्वा तास उशिरा निघाली," त्यांनी सुरुवात केली. "पुढच्या वेळी शिस्त हवी."

"नाना, भाषण तुमचं होतं. मी मीटिंगमध्ये आहे."

"एक मिनिट. तो तुझा कागद आहे का जवळ? लक्षणांचा?"

"पाठ आहे मला. पोट फुगणं, थोड्या खाण्यात पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखं लघवीला जावं लागणं."

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज. त्यांनी मला 'सारखं' म्हणजे दिवसातून किती वेळा, ते विचारलं. मग मागून सुलभाकाकूंचा आवाज आला, "अहो, कुणाशी बोलताय?"

"मंडळाचं आहे!" नाना ओरडले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "आणि हे किती दिवस असलं तर दाखवायचं?"

"नव्याने सुरू झालं असेल आणि दोन-तीन आठवडे थांबत नसेल, तर लगेच."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

"आणि गणपतीपासून असेल तर?"