श्रीखंडाच्या डब्यातली माती

मी घर सोडलं त्या दिवशी आप्पा मला एसटीपर्यंत सोडायला आले नाहीत. ते तालमीतली माती उकरत होते. माझे पाय लागले होते ना तिला, म्हणून.

माझ्या इकडच्या पोरींना हे खरं वाटत नाही. इकडच्या म्हणजे हरियाणातल्या. रोहतकच्या पुढं एका गावात मी पोरींना कुस्ती शिकवते. प्रॅक्टिस संपून दुधाचे ग्लास हातात आले की ह्यांना गोष्ट लागते. ‘मैडम जी, थारे बापू नै?’ म्हणून डोळे मोठे करतात. हां छोरी, मेरेच बापूने, असं मी माझ्या कोल्हापुरी हिंदीत सांगते आणि त्यांना पुन्हा मॅटवर पळवते. बावीस वर्षं झाली, हिंदी काही सुधारली नाही. पण आज हे त्यांच्यासाठी लिहीत नाही. गावात राहिलेल्या पोरींनो, तुमच्यासाठी लिहिते, आणि माझ्यासारख्या पिशवी उचलून गेलेल्या बायांसाठी. वाचून राग आला तर येऊ दे. मलाही आलाय.

आमचं गाव गारगोटीच्या अलीकडं. चार म्हशी, थोडा ऊस, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. पण आप्पांचा जीव तालमीत. ते तिथले वस्ताद. पोरांना डाव शिकवायचे आणि मुख्य म्हणजे हौद सांभाळायचा. कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याला आमच्याकडं हौद म्हणतात. त्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती अशी मळायची की पडलेल्या पोराला लागता कामा नये. माती वस्तादाच्या जबाबदारीवर असते. ती बाटली, तर वस्तादानंच एकट्यानं उकरून बाहेर टाकायची आणि नवी भरायची. दुसऱ्या कुणी फावड्याला हात लावायचा नाही. हौदात कुत्रं मेलं म्हणून एकदा उकरली होती. दुसऱ्यांदा माझ्यामुळं.

कुस्ती मला शिकवली आप्पांनीच, हे पण सांगते. गोठ्यामागच्या परड्यात त्यांनी माझ्यासाठी चार फावडी माती टाकली होती. धारा काढून झाल्या की मी आणि ते. आईनं एकदा तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, “माती बघत न्हाय कोण उतरलंय ते.” मला हे इतकं आवडलं की मी वहीच्या मागं लिहून ठेवलं. आप्पा खोटं बोलत नव्हते. फक्त ते परड्यातल्या मातीबद्दल बोलत होते, हे मला उशिरा कळलं.

सतराव्या वर्षी कोल्हापुरात मोठी स्पर्धा मारली. गावानं ट्रॅक्टर काढला, हलगी लावली, मला गुलालानं लाल केली. पोरांनी खांद्यावर घेतलं ते थेट तालमीच्या दारापर्यंत, आणि दारात आल्यावर खाली ठेवली. आत जायचं नाही, हे सांगायची गरजच नव्हती. पण डोक्यात हलगी वाजत होती. मी उंबरा ओलांडला, हौदाला हात लावून नमस्कार केला आणि उतरले. एक पाय, मग दुसरा. आयला, काय मऊ माती होती! परड्यातली तिच्यापुढं खडी वाटली असती. सगळी मिळून मी चार पावलं चालले असेन.

हलगी बंद पडली. संध्याकाळी बैठक बसली. तालमीचे अध्यक्ष तानाजीकाका. मिरवणुकीत माझ्या अंगावर पहिला गुलाल त्यांनीच टाकला होता. ते शांतपणे एवढंच म्हणाले, “वस्ताद, तुमाला सांगाय पायजे व्हय?” आप्पांनी मान हलवली. घरी येऊन माझ्याकडं न बघता म्हणाले, “ते स्पर्धेत भेटल्यालं हरियाणाचं कोच बोलवत हुतं न्हवं? जा.”

सकाळी आईनं भाकऱ्या बांधल्या. “कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय, अशी ऱ्हा बाई,” हे तिनं एसटी येईपर्यंत पाच वेळा सांगितलं. मी ‘व्हय’ म्हणत होते आणि ओढ्याकडं बघत होते. तिथं माझ्या पायाखालची माती ढीग होऊन पडली होती, ताकाच्या वासाची. एसटी लांबून दिसली तशी मी पळत गेले, पिशवीतला श्रीखंडाचा रिकामा डबा काढला आणि भरला. आई ओरडली, “अगं, कशाला ती घाण?” मला कशाला ते माहीत नव्हतं. कळंब्याचा तलाव येईपर्यंत मी तो डबा मांडीवर घेऊन रडत होते.

हरियाणात मला ‘मराठण’ म्हणायचे. भात मागितला की हसायचे. तूप, दूध, चुरमा आणि मार. तिथं पोरींना कुस्ती होती, पण पोरींना किंमत होती असं समजू नका. ज्या पोरीला मेडल तिला खाट, जिला नाही तिला दरवाज्याजवळची सतरंजी. पहिलं वर्ष मी सतरंजीवर काढलं. मॅटवर कुस्ती खेळायचे, रबराचा वास नाकात जायचा, आणि डबा उशाशी. त्याचा वास वर्षभरात गेला, असं मला वाटायचं. गुडघा फिरला, ऑपरेशन झालं, मेडलं आली, खाट मिळाली. लग्न राहून गेलं. त्याचं दुःख आईला जास्त, मला कमी.

मधूनमधून आपल्याकडच्या जत्रांची मैदानं मारायला यायचे. तिथली गंमत सांगते. पहिल्या नंबरच्या पैलवानाला चांदीची गदा. पहिल्या नंबरच्या पोरीला मिक्सर. घरात तीन मिक्सर झाले, आई शेजारपाजारच्या लग्नात वाटायची. चौथ्या वेळी मी माईकवरच म्हणाले, “चटणी वाटाय आलो न्हाय. गदा द्या, न्हायतर हे तुमच्याच घरात ऱ्हाऊ दे.” पेपरात फोटो आला, लोकांनी वाघीण-बिघीण म्हटलं. आणि कमिटीनं काय केलं? पोरींची कुस्तीच काढून टाकली. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत किती पोरींची लग्नं लावून दिली, ते मला विचारू नका. एका पोरीची आई मला बाजारात भेटली. “तुझं भागलं गं, माझ्या पोरीचं काय?” म्हणाली. तिसऱ्या वर्षी पोरींनाही गदा मिळाली, पुरुषांच्या गदेच्या निम्मी. ती तरी मिळाली माझ्यामुळं, असं मी स्वतःला सांगते. त्या आईला सांगायची हिंमत होत नाही.

आता खरं सांगायचं ते. माझ्या भावाची मुलगी प्राची, तेरा वर्षांची. अंगानं काटक, डोक्यानं माझ्यावर गेलेली. आप्पांनी तिलाही परड्यातच शिकवली, आणि परडं तिला पुरेनासं झालं. भावाचा फोन आला, “आक्का, हिला तुझ्याकडं घिऊन जा.” मी भडकले. म्हटलं, का? गावात तालीम न्हाय व्हय? मी गेले ती हाकलली म्हणून गेले. ही पोर घरात राहून, आजीच्या हातची भाकरी खाऊन, गावच्या हौदात खेळली पाहिजे. एवढी एकच गोष्ट मला ह्या जन्मात त्या गावाकडून हवी होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात तानाजीकाकांचा फोन. पोरींसाठी हॉल बांधलाय, उद्घाटनाला या. मी म्हटलं, हॉल-बिल राहू दे, पोरी हौदात उतरणार असतील तर येते. “व्हय की! तुमी म्हणशीला तसं. जग कुठं चाललंय, आमी काय मागं ऱ्हातोय?” काका आता मला अहो-जाहो करतात. माणूस मोठा झाला की खोटं पण आदरानं बोलतात.

मी डबा घेऊन निघाले. आमच्याकडं रीत आहे, बाहेरच्या तालमीचा पैलवान पाहुणा आला तर तो आपल्याकडची ओंजळभर माती आणतो आणि वस्ताद ती आपल्या हौदात मिसळतात. मी ठरवलं होतं, प्राची उतरायच्या आधी ही माती आप्पांच्या हातात द्यायची, सगळ्यांसमोर सांगायचं की ही इथलीच, परत आणली. मी रडणार, आप्पा रडणार, आई तर रडणारच. रेल्वेत दोन दिवस हेच बघत आले मी, वेड्यासारखी.

गावात शिरतानाच माझा भला मोठा फोटो. खाली ‘महिला सक्षमीकरण सोहळा’. हॉल म्हणजे तालमीमागचं पत्र्याचं शेड. आत कुणीतरी वापरून टाकलेलं मॅट, एका कोपऱ्यात मंडळाचे ढोल आणि मंडपाचे बांबू. प्राची आणि सात-आठ पोरी नव्या ट्रॅकसूटमध्ये रांगेत उभ्या. मी काकांना विचारलं, हौदाचं काय? ते हसले. “हॉल दिलाय की आता. हौदाला सोवळंओवळं हाय, तुमाला वेगळं सांगाय नगं. आज मातीची पूजा हाय, नारळ तुमच्याच हातनं. फक्त उंबऱ्याच्या भाईरनं.”

मी बाहेरून नारळ फोडला. आत आप्पा हौदात उभे होते, सत्तरी ओलांडलेले, मांड्या सुकलेल्या, हातात फावडं. मी डबा पुढं केला. “आप्पा, माती आणलीया.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, हरियाणाची माती म्हणून. आप्पांनी झाकण काढलं, चिमूट बोटात चोळली, नाकाजवळ नेली. मग डबा हौदात उपडा केला आणि फावड्यानं सगळा हौद दोनदा खालवर केला. कधी नाही इतकं मन लावून.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात माईक दिला ना. समोर पोरी, पाठीमागं तो फोटो, आणि पोटात बावीस वर्षांची आग. मी बोलले. “ही हरियाणाची न्हाय. माझ्या पायाखालची म्हणून तुमी जी ओढ्यात फेकली, तीच हाय. आता सगळ्या हौदात मिसळली. उकरा की आता! किती उकरताय बघूया!” मला वाटलं, एवढा अख्खा हौद कोण उकरणार, लाजतील, हसून सोडून देतील. पोरी उतरतील. माझं गाव मला ठाऊक होतं, तरी मला असं वाटलं.

कुणी ओरडलं नाही. तानाजीकाकांनी नुसतं “वस्ताद” म्हटलं. आणि आप्पांनी फावडं उचललं.

मंडप रिकामा झाला. मान्यवर जेवायला गेले. रश्श्याचा वास सगळीकडं. आप्पा एकटेच उकरत होते. घमेलं भरायचं, काठावर ठेवायचं, मग स्वतः वर चढायचं आणि ओढ्यापर्यंत न्यायचं. भाऊ मदतीला गेला, त्याला हातानंच थांबवलं. दुपार कलली तेव्हा हौद अर्धाही झाला नव्हता आणि त्यांचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. मी उंबरा ओलांडून काठाशी गेले. आता बघायला कोण होतं?

“आप्पा, वास घेतला तवा तुमाला कळलं न्हाय?”

“कळलं की. माझ्या हातची माती मला कळायची न्हाय?”

“मग मिसळली का?”

ते फावड्यावर रेलले. “तू दिलीस म्हणून. गप बसली असतीस, तर ऱ्हायली असती आत.”

फावडं हिसकावून घ्यावं म्हणून मी पाय खाली सोडला, तर ते ओरडले. आयुष्यात माझ्यावर एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. “उतरू नगं! उकरलेल्यात पाय ठेवलास तर आनि खोल जावं लागंल मला.”

मी पाय वर घेतला. दुसरं काय करणार? बापाला मदत करायची तर बापाचंच काम वाढतं, असलं गाव माझं. आणि राग कुणाचा करायचा? गावाचा केला, काकांचा केला, आप्पांचा तर केलाच. पण ती माती आप्पांनी कळून-सवरून आत घेतली होती, आणि बाहेर काढायला मी लावली. ह्याचा राग कुणावर काढू, सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीची पिशवी भरली. आईनं भाकऱ्या बांधल्या. तेच फडकं असावं. “कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय,” एवढं म्हणून माझ्याकडं बघितलं आणि पुढचं गिळलं. आप्पा सोडायला आले नाहीत. हौद अजून व्हायचा होता.

ओढ्याजवळ नवा ढीग होता, ह्या वेळी माणसाच्या उंचीचा. एसटी यायला वेळ होता. मी प्राचीला रिकामा डबा दाखवला. म्हटलं, भरून घे.

“कशाला आत्या?” ती म्हणाली. “तिथं मॅट हाय न्हवं?” आणि एसटी आल्यावर खिडकीची जागा धरायला पळाली.

लोक विचारतात, आता घर कुठलं तुमचं, हरियाणा की कोल्हापूर? पूर्वी मी डबा दाखवायचे. आता डबा धुऊन त्यात प्राचीचे बदाम ठेवलेत. आप्पांची कंबर त्या दिवसापासून धरली ती धरलीच, फावडं दुसऱ्याकडं गेलं. फोनवर ते प्राचीच्या कुस्तीचं सगळं विचारतात, कुठला डाव, किती मिनिटं, पडली कशी. हौदाचं मी विचारत नाही. काल फोन ठेवताना आपणहून म्हणाले, “नवी माती बसंना झालीया बघ. पोरांस्नी लागतीया.”

मी म्हटलं, लागू दे.