पहिला हात गिऱ्हाइकाचा

“हात नको लावू. तुह्या अंगातल्या करंटनं बोर्ड जळून जाईन.”

चिखलीतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मदरबोर्डचा खोका माझ्यासमोर उघडा होता. बोर्ड माझा होता. पसंत मी केला होता, आगाऊ रक्कम मी भरली होती, पावतीवर नाव माझं होतं. मी हात पुढे केला आणि दुकानदारानं बोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

मी हात मागे घेतला. एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, “सॉरी सर. सांगितलं ते बरं झालं.”

त्या दिवशीचं सगळ्यात जास्त टोचणारं वाक्य हेच आहे. त्याचं नाही, माझं.

मी चिखलीतच एका खासगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवतो. माणसाच्या अंगावर वीज साठते, कोरड्या दिवसांत जास्त साठते, नाजूक चिप तिनं खराब होऊ शकते, हे मीच मुलांना सांगतो. त्यावरचा उपायही सांगतो. आधी लोखंडाला हात लावायचा, मग बोर्डाला. दुकानदार साफ खोटं बोलला असता तर मी लगेच ओळखलं असतं. तो अर्धं खरं बोलला. म्हणून फसलो.

मी अमडापूरचा. विहारामागच्या वस्तीतला. बाबा ठेकेदाराकडे विजेचे खांब उभे करायच्या कामावर जातात. घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे आभार मानायची सवय लहानपणापासूनची. फी माफ झाली, आभार. जुनी पुस्तकं मिळाली, आभार. त्यातले पुष्कळ आभार खरे होते, आजही आहेत. एका मास्तरांनी शाळेतल्या बंद कॉम्प्युटरचं झाकण माझ्या हातानं उघडवलं होतं. त्यांचे आभार मी मरेपर्यंत मानीन. पण सवय वाईट. समोर कोण आहे ते ती बघत नाही.

गेमिंगचाच कॉम्प्युटर कशाला, असं मला आमच्यातलेही विचारतात. सांगतो. दहावीत असताना गावात स्टँडजवळ गेम खेळायचं दुकान होतं. तीन मशीन. माझ्या वर्गातला एक, चाळीस एकरवाल्याचा मुलगा, तिथं रोज खेळायचा. मी त्याच्या खुर्चीमागे उभा राहून सांगायचो, डावीकडून येतोय, वाक, आता मार. माझ्या सांगण्यावर तो जिंकायचा. खुर्ची त्यानं कधी दिली नाही. मी कधी मागितली नाही.

मला बसून खेळायचं होतं. कारण एवढंच. याहून मोठं कारण मी का द्यावं?

नोकरी लागल्यावर सहा महिने मी यादी केली. अमडापूर ते चिखली, एसटीत, मोबाइलवर वाचत. आधी ग्राफिक्स कार्ड ठरवलं, कारण खेळाचा सगळा भार त्याच्यावर. मग त्याला पुरून उरेल असा प्रोसेसर. मग त्याला बसणारा बोर्ड. नवखे लोक दिव्यांचं, काचेचं कॅबिनेट घेतात आणि पॉवर सप्लाय हलका घेतात. ऐन खेळात मशीन बंद पडतं. मी कॅबिनेट साधं लोखंडी लिहिलं आणि सप्लाय दमदार. एकेक नाव दहादा खोडलं, दहादा लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी दिलेलं घेत नव्हतो. निवडत होतो.

त्या दुकानाची एक पद्धत आहे. नवीन मशीन जोडताना प्रोसेसर गिऱ्हाइकाच्या हातानं बसवतात. खोक्याला हळदीकुंकू लावतात, गिऱ्हाईक प्रोसेसर जागेवर ठेवतं, दुकानदार फोटो काढतो आणि भिंतीवर लावतो. भिंत फोटोंनी भरलेली आहे. वर पाटी, पहिला हात गिऱ्हाइकाचा. मी माझ्या विद्यार्थ्यांना संस्थेची चिठ्ठी देऊन त्याच दुकानात पाठवायचो. ती पद्धत मला फार आवडायची.

स्वतः पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं खुर्ची पुढे केली. या सर, बसा सर. माझी यादी वाचून म्हणाला, इतकी बरोबर यादी घेऊन इकडे कुणी येत नाही. ग्राफिक्स कार्ड खोक्यातून काढून त्यानं थेट माझ्या हातात ठेवलं.

“वजन तं पाहा सर. याले म्हंते माल.”

त्या दिवशी माझ्या अंगात करंट नव्हता.

मग त्यानं पावतीपुस्तक उघडलं. मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावावर पेन थांबला. अमडापुरात कोणीकडे राहता, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, विहारामागे. त्यानं लिहिलं. कार्ड माझ्या समोरून उचलून खोक्यात ठेवलं. त्यानंतर ‘सर’ आलं नाही. मला वाटलं, गर्दी आहे, घाईत असेल.

आठ दिवसांनी माल आल्याचा फोन आला. मी गेलो. ती वर सांगितलेली गोष्ट तेव्हाची. बोर्ड ओढून घेतल्यावर त्यानं पॉवर सप्लायचा खोका काढला. तो माझ्या यादीतला नव्हता. कुठलंही नाव नसलेला, हलका. मी यादी दाखवली. त्यानं ती पाहिली नाही.

“तुले हा चालते. गेम कायले पाहिजे तुले? तुमाले तं सरकार फुकटचे लॅपटॉप देते.”

मी पगारातून घेतोय, असं मी म्हणालो. खालच्या आवाजात म्हणालो. खुलासा करावा तसं.

तेवढ्यात तो आला. चाळीस एकरवाल्याचा मुलगा. त्याला कीबोर्ड पाहिजे होता. कागदातली कचोरी खात आत आला, कागदाचा बोळा केला, बोटं जीन्सला पुसली आणि न विचारता माझा बोर्ड उचलला. उलटा केला, सुलटा केला.

“काय बे, तू घेऊन राह्यला? तू तं मागं उभा राह्यत होता.”

दुकानदार हसला. करंटचं कुणी बोललं नाही. आधी लोखंडाला हात लाव, असं कुणी म्हणालं नाही. बोर्डावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला. मी तो पाहत होतो.

दुकानदारानं प्रोसेसरची डबी उघडली, ती त्याच्या पुढे सरकवली आणि फोटोसाठी मोबाइल काढला.

“भाऊ, तुमीच बसवा. शुभ हात आहे तुमचा.”

त्यानं बोर्ड ठेवून डबी उचलली. गिऱ्हाईक मी. उभा मी, एका हाताच्या अंतरावर.

माझं लक्ष भिंतीकडे गेलं. माझे कितीतरी विद्यार्थी तिथं होते. मी तोंडं शोधू लागलो. आमच्या वस्त्यांतली जी पोरं मी माझ्या हातानं चिठ्ठी देऊन पाठवली, त्यातलं एकही तिथं नव्हतं. मी त्यांना विचारलंही होतं, फोटो नाही काढला का? राह्यलं सर, असं म्हणून ती खाली पाहायची. मला वाटायचं, लाजतात. त्यांचा मास्तर मी. ती माझ्या आधी सगळं शिकली होती आणि मला सांगायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती.

“ठेव खाली,” मी म्हणालो. “माझा आहे तो.”

त्यानं डबी खाली ठेवली. चिडून नाही, आश्चर्यानं. खेळात कुठून कोण येतंय, याशिवाय मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

मी दुकानाच्या लोखंडी शटरपाशी गेलो. तळहात शटरवर ठेवला. पूर्ण तळहात, सगळ्यांना दिसेल असा. परत आलो.

“आता लावू हात?”

दुकानदार म्हणाला, “कायले तमाशा करून राह्यला?”

“मग लिहून द्या. या पावतीच्या मागं लिहा, गिऱ्हाइकाले हात काऊन लावू दिला नाही. कारण लिहा. सही करा.”

त्यानं खरंच पेन उचलला. टोपण काढलं. मग परत लावलं.

“तुमचं हेच आहे. लगेच कायदा काढता.”

“कायद्याचं नाव तुमी घेतलं. मी फक्त कारण विचारलं.”

भरलेली रक्कम त्यानं गल्ल्यातून काढली आणि काउंटरवर फेकली. नोटा पसरल्या. मी उचलल्या नाहीत. हात पुढे करून उभा राहिलो.

“हातात द्या.”

 त्यानं नोटा गोळा केल्या आणि माझ्या हातात दिल्या. त्याची बोटं माझ्या तळहाताला लागली. काही जळलं नाही.

मी आभार मानले नाहीत. बाहेर आलो. 

सगळे भाग मी दुसरीकडून मागवले. यादीतला शब्दही बदलला नाही. रविवारी दुपारी घरी पलंगावर स्वच्छ चादर टाकली आणि सगळं मांडलं. बाबा शेजारी येऊन बसले. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तारा, खांब, करंट यांत वावरलेले. किती वेळ नुसते पाहत होते. मग हळूच म्हणाले, “लावू काय हात?”

आपल्या घरात, आपल्या पोराच्या वस्तूला हात लावायची माझा बाप परवानगी मागत होता. त्या दुकानात आला नव्हता एवढा राग मला तेव्हा आला. मी त्यांचा हात धरून पलंगाच्या लोखंडी पायाला लावला आणि प्रोसेसर त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी तो बसवला. फोटो काढला नाही. आम्हाला कुणाच्या भिंतीवर जायचं नव्हतं.

दुकानदारानं संस्थेत तक्रार केली. संस्थेच्या कार्यक्रमांचे बॅनर तोच देतो. संचालकांनी मला बोलावून चहा पाजला आणि हा विषय वर्गात नको, असं सांगितलं. तुम्ही हुशार आहात, पुढं जायचं आहे तुम्हाला, असंही म्हणाले.

मी त्या दुकानाची चिठ्ठी देणं बंद केलं आहे. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी ओळीनं उभं करतो. प्रत्येकानं खिडकीच्या गजाला हात लावायचा, मग उघड्या बोर्डाला. प्रत्येकानं. एकही हात सुटत नाही, मी मोजतो. मग त्यांना सांगतो की ते कुठलं दुकान आणि तिथं काय झालं. ज्यांना मी पूर्वी तिथं पाठवलं होतं, त्यांना घरी जाऊन भेटलो. माफी मागितली.

हे संचालकांपर्यंत पोचलं आहे. एक दिवस ते मला कमी करतील, हे मला माहीत आहे. तेव्हा मी रडणार नाही, विनवणार नाही, आजवर ठेवून घेतल्याबद्दल आभार तर मुळीच मानणार नाही. एवढंच म्हणेन, कारण लिहा. सही करा. आणि कागद टेबलावर सरकवू नका.

हातात द्या.