वजनघरातला नारळ

आमच्या डच गावातल्या जुन्या वजनघरात पूर्वी खाली चीज तोलत आणि माडीवर नाटकं होत. आता त्या माडीवर आमचं मराठी मंडळ नाटक करतं. किल्ल्या सांभाळणारे डच आजोबा प्रत्येकाच्या बुटांचे तळवे तपासूनच आत सोडतात. बूट ओला दिसला की म्हणतात, “माझ्या पणजोबांहून म्हातारी आहे ही फळी,” आणि बघतात पायाखालच्या फळीकडे, आपल्याकडे नाही.

प्रयोगाआधी मी रंगमंचावर नारळ वाढवायला हात उचलला, तर “नो, नो!” ओरडत ते जिना उतरून गेले. आता आपल्याला हाकलणार, अशी माझी खात्रीच झाली. धापा टाकत परत आले ते तराजूचं जुनं लोखंडी वजन घेऊन.

“ह्याच्यावर फोडा.”

नारळ फुटला, पाणी फळीवर सांडलं. मी घाईघाईनं रुमाल काढला. आजोबांनी माझा हात धरला.

“राहू दे. तिलाही मिळू दे थोडं.”