उत्तर न आलेली ऑर्डर

वडील तळेगाव ढमढेरेच्या बाजारात हमाली करायचे, आई लोकांच्या रानात कांदे काढायला जायची. दोघांचंही काम आजचं आजच. उद्या बोलावतील की नाही, ते कुणी सांगत नसे. वडिलांची पाठ धरली की आईच्या एकटीच्या रोजावर घर चालायचं. मग भाकरी आधी आम्हा भावंडांना, उरली तर त्या दोघांना. अशा घरातून मी इंजिनिअर झाले. माझ्याआधी घरात दहावीसुद्धा कुणी गाठली नव्हती. हे मी अभिमानानं सांगते.

नोकरी लागली शिरूरजवळच्या एका कारखान्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. तीही कंत्राटीच. तिथल्या सगळ्या ऑर्डरी जुन्या मेनफ्रेमवर, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर चालत. विक्रेत्यांसाठी नवी वेबसाइट आली होती, तिचा ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे वेबसाइटवरच्या मागण्या पुढे धाडणारा संगणक, त्या मेनफ्रेमला जोडायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "चाचणी पास झाली तर तू कायम. नाही तर काम बाहेरच्या टीमला, आणि तुझं कंत्राट संपलं."

जोडणी झाली, पण एकाच मागणीच्या कधी कधी दोन ऑर्डरी तयार व्हायला लागल्या. शोधत बसले तेव्हा कारण सापडलं. मेनफ्रेम ऑर्डर घ्यायचं, पण उत्तर वाटेत अडकलं की सर्व्हरला वाटायचं, काम झालंच नाही. मग तो तीच ऑर्डर पुन्हा धाडायचा. उपाय एकच होता: प्रत्येक मागणीला तिचा स्वतःचा नंबर द्यायचा, आणि तो आधी येऊन गेलाय का, हे मेनफ्रेमनंच बघायचं. त्यासाठी जुना प्रोग्राम बदलावा लागणार होता, आणि तो होता दौंडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या ताब्यात. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"माझ्या प्रोग्रामला हात लावायचा न्हाई," आप्पा म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीपासनं चालतोय. तुमचा नवा सर्व्हरच उतावळा हाय. त्याला म्हणावं, जरा दम धर."

"किती दम धरायचा, आप्पा? उत्तर आलंच नाही तर?"

"येतंय! आमचं मशीन उत्तर दिल्याबिगर ऱ्हात न्हाई."

मी रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहायचे.

"आली का परत?"

"आले."

शेवटी वैतागून म्हणाले, "दाखव बरं एकदाचं."

चाचणीच्या यंत्रणेवर मी ब्रेकच्या एका सेटची ऑर्डर पाठवली आणि लगेच सर्व्हरची वायर उपटली. माझ्या स्क्रीनवर आलं, ऑर्डर गेली नाही. आप्पांच्या स्क्रीनवर मात्र ती हजर. वायर परत लावली, सर्व्हरनं पुन्हा पाठवली, आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत दुसरी ऑर्डर उभी राहिली.

आप्पा चष्मा पुसत बसले. "म्हंजी आम्ही उत्तर दिलं, पर ऐकायला कुणी न्हवतं."

"व्हय, आप्पा."

"तरीबी तू हात लावायचा न्हाई. मी लावतो. नंबर किती आकडी धाडणार, तेवढं सांग."

अखेरच्या चाचणीला साहेबांनी ऑर्डर पाठवून स्वतः वायर उपटली आणि परत लावली. मेनफ्रेमनं आधीचा नंबर ओळखला, ऑर्डर एकच राहिली, आणि त्या पहिल्या ऑर्डरीचंच उत्तर परत आलं. जोडणी सुरू झाली, आजही चालू आहे. मला कायम केलं. आमच्या घरातली पहिली कायमची नोकरी माझी आहे.